छाटण

१

सकाळी नऊला लॅब उघडायची, पंखा लावायचा, कॉम्प्युटर चालू करायचा आणि तो जागा होईपर्यंत उभ्याउभ्या चहा घ्यायचा, हा कवळीकाकूचा बारा वर्षांचा शिरस्ता. कवळीकाकू हे नाव इमारतीतल्या पोरांनी ठेवलेलं. तिला ते अजिबात झोंबत नसे, कारण काम होतंच ते. डॉक्टर दात तासून मोकळा होतो. त्या दातावर बसणारी टोपी, शेजारचा ब्रिज, म्हाताऱ्यांची कवळी हे सगळं कुणीतरी बनवावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे ही. स्वतःच्या तोंडात मात्र डावीकडे खाली एक दाढ काढलेली, आणि ती जागा आठ वर्षं रिकामीच. डॉक्टरची रिसेप्शनवाली चिडवायची, तेव्हा काकू म्हणायची, "अगं, वेळ मिळू दे. आधी गिऱ्हाइकांची तोंडं मिटू देत."

पूर्वी ठसे यायचे. गुलाबी लगद्यात चावलेले, डब्यात भरलेले, बहुतेक वेळा थुंकीसकट. सव्वादोन वर्षांपूर्वी साहेबांनी, म्हणजे लॅबच्या मालकांनी, ते सगळं बंद केलं. आता डॉक्टर पेशंटच्या तोंडात पेनाएवढा कॅमेरा फिरवतो, तोंडाचं स्कॅन तयार होतं आणि मेलने येतं. फाइल जड, म्हणून मेलचा प्रोग्राम ती आपणहून क्लाउडवर लॅबच्या 'आलेले' फोल्डरात नेऊन ठेवतो. काकू ती तिथून उघडते, काम करते, 'झालेले'मध्ये टाकते. टाकलं की डॉक्टरला मेल जातो. प्लास्टर नाही, धूळ नाही, थुंकी तर नाहीच नाही. काकू या पद्धतीवर बेहद्द खूश होती.

स्कॅन उघडलं की पहिलं काम छाटायचं. कॅमेऱ्याला अक्कल कुठली? दातांबरोबर तो जीभ, गाल, डॉक्टरचं बोट, दिसेल ते टिपून ठेवतो. ही लक्तरं दातांच्या मागे लोंबत असतात. ती माउसने घेरायची आणि एक बटण दाबायचं, गेली. काकूचा हात इतका बसला होता की काय छाटलं ते ती बघायचीही नाही. भाजी निवडताना देठाकडे कोण निरखून बघतं?

आणखी एक गोष्ट तिने केली होती, ती इथेच सांगून टाकायला हवी. क्लाउडच्या कंपनीचे रोज मेल यायचे. जागा ऐंशी टक्के भरली, अमुक बदललं, तमुक बघा. काकू वैतागली आणि तिने मेलच्या प्रोग्रामला कायमचा नियम घालून दिला: या कंपनीचं जे येईल ते न दाखवता बाजूच्या फोल्डरात टाक. त्या फोल्डरचं नाव तिने 'नंतर बघू' असं ठेवलं, आणि नावाप्रमाणे ती तिथे कधीच गेली नाही.

त्या सोमवारी अकरा वाजले तरी एकही स्कॅन आलं नाही. मग रिसेप्शनवालीचा फोन आला. "काकू, तीनदा पाठवलं, तीनदा परत आलं. तुमची पेटी भरली म्हणतंय."

२

लॅबमध्ये दुसरे होते मेणवाले काका. मेणात दात कोरण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि कॉम्प्युटरचा त्यांना मनापासून राग. त्यांना काकूने समजावून सांगितलं, की मेल आणि क्लाउड यांची जागा एकच. क्लाउड भरलं की मेलही यायचा बंद.

"म्हणजे घरात कपाट भरलं म्हणून पोस्टमनने दारातून परत जायचं," काका म्हणाले. "छान कारभार आहे."

काकू कोणत्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते बघायला बसली. 'आलेले' थोडं, 'झालेले' थोडं. आणि तिसरं एक होतं, 'छाटण' नावाचं. त्याने तीन चतुर्थांश जागा व्यापली होती. हे फोल्डर आहे हेच तिला माहीत नव्हतं. थोडं शोधल्यावर उलगडा झाला: स्कॅनमधून जे छाटलं जातं ते सॉफ्टवेअर फेकून देत नाही, जपून ठेवतं. पहिल्या दिवशी 'छाटलेलं जपून ठेवा' या ओळीपुढची खूण काढायला कुणीतरी विसरलं होतं. सव्वादोन वर्षांतले सहाशे चाळीस तुकडे तिथे तारखेने लावून ठेवले होते.

पण तुकडा तो केवढा? नखाएवढ्या लक्तराला जागा लागून लागून किती लागणार! काकूने यादी नीट पाहिली. मागच्या महिन्यातले तुकडे खरंच चिमूटभर होते. त्याआधीचे जरा मोठे, त्याआधीचे आणखी मोठे, आणि पहिल्या वीसपंचवीस तुकड्यांनी तर निम्मी जागा अडवली होती. शेजारच्या रकान्यात शेवटचा बदल कधी झाला ते लिहिलेलं असतं. सगळ्यांपुढे एकच होतं: आज, सकाळी सहा दहा. लॅबला तेव्हा कुलूप होतं आणि किल्ली काकूच्या पर्समध्ये.

तिने सगळ्यात पहिला तुकडा उघडला. तो बँडमास्तरांचा निघाला. हे एक निवृत्त म्हातारबुवा, आयुष्यभर ट्रंपेट वाजवलेले. पुढचे दात गेल्यावर वाजवणं सुटलं म्हणून खचले होते. काकूने केलेला ब्रिज बसल्यावर ते खास लॅबमध्ये आले, दारात उभे राहिले आणि एकच सूर असा काही फुंकला की मेणवाल्या काकांच्या हातातला दात पडला. काकूला तो दिवस आठवून आताही हसू आलं.

पडद्यावर राखाडी रंगाचं काहीतरी उमटलं. तिने ते माउसने फिरवलं. चार बोटं होती. बोटांमागे तळवा होता, आणि तो मनगटापाशी संपला होता.

डॉक्टरचा हात, ती मनाशी म्हणाली. पण डॉक्टर हातमोजा घालतो. स्कॅनमध्ये त्याचं बोट गुळगुळीत, उकडलेल्या बटाट्यासारखं दिसतं. इथे नखं होती. पेरांवरच्या घड्या होत्या. आणि मुख्य म्हणजे डॉक्टरचा अख्खा हात पेशंटच्या तोंडात जाईल कसा?

तुकडा कुठून छाटला ते सॉफ्टवेअरच्या लक्षात असतं. काकूने जबडाही पडद्यावर घेतला आणि दोन्ही एकत्र दाखव म्हटलं. हात अक्कलदाढेच्या मागे जाऊन बसला. बोटांची टोकं ओठांकडे होती आणि मनगट घशाकडे.

"काका, जरा इकडे या."

काकांनी चष्मा कपाळावर सारला आणि पडद्याला नाक लावून पाहिलं. "डॉक्टरचं बोट असेल."

"चार बोटं आहेत."

"मग चार बोटं असतील." ते सरळ झाले. "बंद कर ते. चहा घे."

३

काकू काही घाबरट बाई नव्हती. नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात; घरी ती आणि दहा वर्षांची मुलगी. घरातलं झुरळ, गळका नळ, शाळेतली भांडणं सगळं तिनेच निस्तरायचं. अशा बाईला भुताखेतांसाठी वेळ नसतो. तिने स्वतःला समजावलं: फाइल बिघडली असेल, दोन स्कॅनं एकमेकांत मिसळली असतील, कॉम्प्युटरने आपल्या मनाने पोकळी भरून काढली असेल. तसं ते करतात. पण दुसरा तुकडा उघडून बघावा असं काही तिला वाटलं नाही. खरं सांगायचं तर तिला ते फोल्डर डोळ्यांपुढून घालवायचं होतं. जागा मोकळी करणं हे निमित्त आयतं मिळालं.

अकरा चाळीसला तिने 'छाटण' फोल्डर निवडलं आणि काढून टाकलं. "कायमचं काढू?" असं विचारलं, तेव्हा हो म्हटलं. कसली तरी लांबलचक सूचना आली. ती न वाचता तिने 'ठीक' दाबलं. कोण वाचतं त्या सूचना! पाच मिनिटांत अडलेले मेल धडाधड आले, सात स्कॅनं उतरली आणि काकूचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी घरी मुलगी गृहपाठ करत होती. हिला सगळे खारू म्हणायचे. खारीसारखं कुरतडायची सवय: पेन्सिल, बाहीची कड, आणि हाताची नखं तर मुळापर्यंत. झोपेतही दात खायची, म्हणून महिन्याभरापूर्वी काकूने डॉक्टरकडून तिचं स्कॅन करवून घेतलं होतं आणि रात्री दातांवर घालायचं पारदर्शक आवरण स्वतः बनवलं होतं.

"तोंडातून बोट काढ," काकू म्हणाली.

"लहानपणी तू घालू द्यायचीस की तुझ्या तोंडात," खारू म्हणाली.

ते खरं होतं. दोन-अडीच वर्षांची असताना खारूचा एकच खेळ असायचा. आईच्या मांडीवर बसायचं, तिला 'आ' करायला लावायचं आणि बोटाने तिच्या दाढा मोजायच्या, अगदी मागून. एक, दोन, आणि मग तेव्हा नुकतीच काढलेली दाढ. त्या खड्ड्यात बोट घालून खारू थांबून राहायची. आईने "पडला!" म्हटल्याशिवाय बोट पुढे हलायचं नाही. म्हटलं की खदखदून हसायची आणि पुढे जायची. जेवायला उशीर होवो की दूध उतू जावो, "पडला" म्हणावंच लागायचं.

खारूने बोट काढलं, नि पुन्हा दुसरं घातलं.

४

मंगळवार दुपारपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग रिसेप्शनवालीचा फोन आला, एका कॅपच्या रंगाबद्दल. बोलता बोलता म्हणाली, "काय साथ आलीय की काय कोण जाणे. आज जो तो फोन करतोय, घशात काहीतरी अडकलंय म्हणून. मी म्हटलं, अहो आम्ही दातवाले, घशाचा डॉक्टर वरच्या मजल्यावर."

"हवा बदललीय," काकू म्हणाली.

"सगळी आपलीच गिऱ्हाइकं पण. ब्रिजवाली, कॅपवाली. साधी दात साफ करून गेलेली एकही नाही."

काकूने फोन ठेवला आणि कामाला लागली. मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच, छाटायच्या आधी, ती स्कॅनच्या मागच्या बाजूला बघत राहिली. अक्कलदाढेमागे एक टोक होतं. तांदळाच्या दाण्याएवढं, गोलसर. जीभही असू शकते, गालही असू शकतो. तिने ते छाटलं. दुसऱ्या स्कॅनमध्येही होतं. तिसऱ्यातही होतं. तिने एकेक छाटलं, नेहमीपेक्षा सावकाश आणि जरा जास्तच आतून.

बुधवारी सकाळी मेणवाले काका उशिरा आले. चप्पल काढता काढता म्हणाले, "आपले बँडमास्तर गेले गं. काल दुपारी. जेवताना."

"कशाने?"

"घास अडकला म्हणतात. त्यांचा भाचा माझ्या गल्लीत राहतो, तो सांगत होता. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं तर आत काही नाही. घास नाही की काही नाही." काका खुर्चीत बसले आणि मेणाची वडी हातात घेऊन नुसतीच फिरवत राहिले. "पण जबडा निखळला होता म्हणे दोन्हीकडून. घासाने जबडा निखळतो का गं?"

काकूने हातातला कप खाली ठेवला. तिच्या डोळ्यांपुढे ती चार बोटं आली, ओठांकडे टोकं केलेली. तिने ती झटकली. म्हातारा माणूस, दात कमकुवत, घाईने जेवला असेल. असे किती जातात! पण साडेअकराला रिसेप्शनवालीचा फोन आला की एक बाई हॉस्पिटलात आहे, श्वास घेता येत नाही. आणि तिचं नाव ऐकल्यावर काकूला आठवलं, हिचा ब्रिज बँडमास्तरांच्या पुढच्याच आठवड्यातला. यादीतला दुसरा की तिसरा.

५

दुपारभर तिचं कामात लक्ष लागलं नाही. काढून टाकलं म्हणजे ते कुठे गेलं, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं. ती सूचना वाचायला हवी होती. त्या कंपनीने मेल पाठवला असेलच, असं म्हणत तिने इकडेतिकडे शोधलं, आणि मग तिला आपलाच नियम आठवला.

'नंतर बघू' उघडलं तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. आत सोमवारपासूनचे सहाशे चाळीस मेल होते, एकही वाचलेला नव्हता. सगळ्यांचा मजकूर एकच, फक्त फाइलचं नाव वेगळं.

"आपण काढून टाकलेली फाइल आपल्या मालकीची नाही. ती चोवीस तासांत तिच्या मूळ मालकाकडे परत केली जाईल. हे थांबवायचे असल्यास फाइलची मालकी स्वतःकडे घ्या."

खाली एक बटण होतं, 'मालकी घ्या'. सगळ्यात जुना मेल बँडमास्तरांचा होता, सोमवारी दुपारी बारा पाचचा. त्यातलं बटण फिकट झालं होतं आणि खाली ओळ होती: "मंगळवार, बारा पाच. फाइल मालकाकडे परत केली." पुढचा मेल तसाच. त्याच्या पुढचा तसाच.

काकूने कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडे एक नम्र आवाजाचा माणूस होता.

"फाइलचा मालक म्हणजे कोण हो?" तिने विचारलं.

"ज्याची फाइल आहे तो, मॅडम."

"अहो, पण सगळं लॅबचं आहे. आम्हीच छाटलेले तुकडे आहेत ते."

"आमच्याकडे प्रत्येक फाइलचा मालक वेगळा दिसतोय, मॅडम."

"त्या लोकांची तुमच्याकडे खाती तरी आहेत का? त्यातल्या एकाला तर मेल म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. परत पाठवता म्हणजे पाठवता कुठे?"

"मालकाकडे, मॅडम."

काकूने कपाळाला हात लावला. "बरं. मला सगळं होतं तसं परत हवंय. फोल्डरात."

"काढलेलं फोल्डर परत येत नाही. मुदत संपली नसेल तर एकेका फाइलची मालकी घेता येते."

"आणि घेतली की ती फोल्डरात येईल?"

"तुमच्याकडे येईल, मॅडम. आणखी काही मदत करू?"

तिने फोन ठेवला. समोर मेणवाले काका दिव्याच्या उजेडात कुणाचा तरी सुळा कोरत होते. रस्त्यावर कुणी स्कूटर चालू करायला बघत होतं आणि ती चालू होत नव्हती. सगळं नेहमीसारखं होतं. काकूने यादी खाली सरकवली, मागच्या महिन्यापर्यंत, आणि जी सापडू नये असं वाटत होतं ती ओळ तिला सापडली.

६

खारूची फाइल. मेल मंगळवारी दुपारी चार दहाला आला होता. आता बुधवारचे तीन बावन्न झाले होते.

मेलमध्ये फाइलचं छोटं चित्र होतं. काकूने ते मोठं केलं. करंगळीचं टोक. पहिल्या पेरापर्यंत, किंचित पुढे. महिन्याभरापूर्वी तिने छाटलं तेव्हा ते तांदळाएवढं असणार, आणि तिने त्याकडे पाहिलंही नव्हतं. तिने चित्र फिरवलं. नख मुळापर्यंत कुरतडलेलं होतं. एका कोपऱ्याला एक टोक राहिलं होतं, दातांनी नेम चुकल्यावर राहतं तसं.

काकूने खुर्ची पडद्यापासून मागे ढकलली. तरीही तिचं डोकं चालू होतं, आणि त्याने तिला दोन गोष्टी सांगितल्या. हे सगळं खूळ असेल तर बटण दाबण्यात आपलं काही जात नाही. आणि हे खूळ नसेल तर बँडमास्तरांच्या तुकड्याला मनगटापर्यंत यायला सव्वादोन वर्षं लागली होती. करंगळीच्या टोकाने कुणी मरत नाही. आज तरी नाही. खारू दहा वर्षांची आहे; सव्वादोन वर्षांनी ती सव्वाबाराची असेल.

तीन अठ्ठावन्नला तिने 'मालकी घ्या' दाबलं.

"आपण या फाइलच्या मालक आहात," पडद्यावर आलं. बाकी काही झालं नाही.

त्या ओळीखाली आणखी मेल होते. खारूच्या नंतरचे, ज्यांची मुदत अजून बाकी होती असे. काकूने मोजले. एकसष्ट. त्यांत एक खारूच्या वर्गशिक्षिकेचा होता. एक कोपऱ्यावरच्या शिंप्याचा. त्याने गेल्या दिवाळीला दिवाणखान्याच्या पडद्यांच्या शिलाईचे पैसे हट्टाने घेतले नव्हते. काही नावं नुसतीच नावं होती. पहिल्याचं बटण उजळ होतं. काकूने माउस त्याच्यावर नेला आणि तिथेच धरून ठेवला. तिला इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. पण बोट काही खाली गेलं नाही. चार वाजून बारा मिनिटांनी त्या पहिल्याचं बटण फिकट झालं. तिने मेलचा प्रोग्राम बंद केला.

"काका," ती उठत म्हणाली, "साहेबांना सांगून आपल्याला क्लाउडची जागा वाढवून घ्यायला हवी. आजपासून छाटलेलं काहीही काढायचं नाही. एकही तुकडा नाही."

काकांनी वर पाहिलं. कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. "बरं," म्हणाले. "तुझा आवाज बसलाय का गं?"

"नाही," काकू म्हणाली, आणि पर्स घेऊन निघाली.

७

घरी पोचेपर्यंत तिने स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. बारा वर्षं दातांत काढलेली शहाणीसुरती बाई, आणि एका मेलला घाबरून पळत सुटली! जिना चढताना तिला बरंच बरं वाटत होतं. दार उघडलं तर खारू शाळेतून आलेली, गणवेशातच खुर्चीवर मांडी घालून बसलेली, एका हातात सफरचंद, दुसऱ्या हातात गोष्टीचं पुस्तक.

"घसा कसा आहे?" काकूने विचारलं.

"कुणाचा?"

"तुझा. काही टोचतंय? अडकल्यासारखं?"

"काल दुपारपासून जरा वाटत होतं," खारू पान उलटत म्हणाली. "आता नाही. शाळा सुटायच्या आधीच गेलं. एकदम." आणि तिने सफरचंदाचा एवढा मोठा लचका तोडला की गाल फुगला. तो तिने चावला आणि गिळला. काकू त्या गळ्याकडे बघत राहिली. घास वरून खाली गेला, कुठेही न थांबता.

काकूचे डोळे भरून आले. तिने मुलीच्या डोक्यावर हात फिरवला, जरा जोरातच, आणि खारू म्हणाली, "आई, केस!"

मग तिने आपल्यासाठी चहा केला आणि समोर येऊन बसली. पहिला घोट घशात जरा अडखळला. तिने दुसरा घेतला. तो गेला, पण कशाच्या तरी बाजूने वाट काढत गेला. तिने कप खाली ठेवला आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

खारू वाचत होती. घड्याळ चालू होतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली.

डाव्या बाजूला, खाली, अगदी शेवटच्या दाढेला मागून काहीतरी लागलं. हलकंच. एक. त्या स्पर्शाला एका कोपऱ्यात खरखरीत टोक होतं. मग ते पुढच्या दाढेवर आलं. दोन. काकू हलली नाही. तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती. तिसरी जागा रिकामी होती. ते तिथे उतरलं, हिरडीच्या खड्ड्यात नीट बसलं आणि थांबलं.

ते थांबूनच राहिलं. चहावर साय धरली. खारूने एक पान उलटलं, मग दुसरं. काकूला कळत होतं ते कशासाठी थांबलंय, आणि ऐकल्याशिवाय ते हलणार नाही हेही कळत होतं. समोर खारूने वाचता वाचता करंगळी तोंडात घातली आणि कुरतडायला लागली.

काकूने तोंड मिटूनच, घशातल्या घशात म्हटलं, "पडला."

बोट पुढच्या दाढेवर गेलं.